चासीवरचा आठ

रंगाचा डबा दिसला की आमच्या हवालदारांचे हात शिवशिवतात. पलटणीत म्हणे एकच नियम होता, हलतंय त्याला सलाम ठोकायचा आणि हलत नाही त्याला चुना लावायचा. मोठा साहेब तपासणीला यायचा असला की झाडांच्या बुंध्यांपासून ट्रकच्या नटबोल्टांपर्यंत सगळं रंगवून काढायचं. पेन्शनीत आले तरी ही खोड काही गेली नाही. आमच्या दाराच्या कडीला इतके थर बसलेत की कडी लागता लागत नाही. "आवं, आधीचा वाळू तरी द्या," म्हणून मी किती वेळा डोकं फोडलं असेल. पण ऐकतील तर ते कृष्णात कसले!

नवरा मूळचा लोणंदकडचा. फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत हवालदार होता. मी मिरजेची, रेश्मा. माहेर जवळ हवं म्हणून मी हट्ट धरला आणि पेन्शनीनंतर आम्ही कुपवाडला गॅरेज टाकलं. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्या. फौजेत चुकलेल्या जवानाच्या पुस्तकात लाल शाईनं शेरा मारतात, तो उभा जन्म पुसत नाही. "माझ्या बुकात लाल शाईचा टिपका न्हाई," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय. भाजीत मीठ जास्त पडलं तरी हे वाक्य यायचंच. कधी कधी वाटायचं, एकदा लागू दे बाई ती शाई आणि होऊ दे माझी सुटका.

असं बोलू नये. खरंच लागायची वेळ आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

झालं ते जिनेशच्या गाडीपायी. जिनेश सांगलीचा हळदीचा व्यापारी, जैनाघरचा शांत पोरगा. म्हणजे आता पोरगा नाही, चाळिशी ओलांडली, पण आम्हाला काका-काकू म्हणतो. शाळेत असताना त्यानं कुठल्याशा मासिकात एक इटालियन गाडी बघितली होती, दोन शिटांची, शर्यतीत पळणारी. तसल्या गाड्या मुळातच थोड्या बनल्या, आता जगात मोजक्याच उरल्यात. तिचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. ती घ्यायची, हे त्यानं मिसरूड फुटायच्या आधी ठरवलं आणि केस पिकायला लागल्यावर घेतली. रंग पिवळाधमक, म्हणून आमच्यात तिचं नाव हळदी.

जिनेशनं गाडीची देखभाल आमच्या हवालदारांकडं सोपवली तेव्हा यांनी एकच अट घातली. "सगळं कायद्यात पायजे. एक कागद जरी वाकडा असला तरी मी पान्याला हात लावणार न्हाई." जिनेशला तरी दुसरं काय हवं होतं? कायदा असा की पन्नास वर्षं पुरी झालेली गाडी परदेशातून आणायला आता वेगळा परवाना लागत नाही. कर भरायचा, बंदरावर कस्टमवाले कागद आणि गाडीच्या सांगाड्यावरचा, म्हणजे चासीचा नंबर ताडून बघतात आणि सोडतात. मग तपासणीची समिती बसते. गाडी मूळ रूपात आहे, कुणी फेरफार केलेला नाही, अशी त्यांची खात्री पटली की जुन्या गाड्यांचा खास नंबर मिळतो. तोवर चाक रस्त्याला लावायचं नाही. न्हावाशेवा बंदरातून हळदी ट्रेलरवर बसून आली आणि आमच्या शेडमध्ये उतरली. नंबर नव्हता, म्हणून तिनं कुपवाडचा रस्तासुद्धा बघितला नाही.

तपासणी साताऱ्यात ठरली. आदल्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले तर हवालदार हळदीच्या बॉनेटखाली वाकलेले. हातात ब्रश. सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्यांवर पन्नास वर्षांचं तेल-काजळ बसलं होतं, ते पुसून यांनी वर काळा रंग मारला होता. नुसता चकचकीत!

"बघ, कसं झालंय," म्हणाले. "साहेबलोक येणार. घाण कशी दाखवायची?"

मलाही छानच वाटलं. मला काय कळतंय त्यातलं?

दुपारी जिनेश आला. बॉनेट उघडून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काका, हे काय केलंत?"

"साफ केलं. का रं?"

"मूळ रूपात पाहिजे म्हणजे तेलामातीसकट पाहिजे! आणि चासी नंबर इथंच होता ना? नंबरावर ताजा रंग बघितला की त्यांना काय वाटेल? काहीतरी लपवलंय असंच ना?"

हवालदारांनी हातातला ब्रश डब्यात टाकला. कारगिलच्या बर्फात ट्रक चालू करणारा माणूस, आज पार गडबडला. थिनर आणलं, चिंध्या आणल्या, तारेचा ब्रश आणला आणि नंबराच्या जागेवरचा रंग काढायला बसले. जिनेश टॉर्च धरून उभा. एकेक आकडा, एकेक अक्षर वर यायला लागलं. प्रत्येक वर आला की जिनेश मोबाइलवरच्या कागदाशी ताडून "बरोबर" म्हणायचा. बरोबर. बरोबर. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

मग तो थांबला.

"काका, इथं आठ पाहिजे."

तिथं काहीच नव्हतं. दोन आकड्यांच्या मध्ये गुळगुळीत लोखंड. हवालदारांनी चष्मा पुसला, टॉर्च आडवा धरला, बोट फिरवून बघितलं. चुन्याची पूड चोळली, खाच असली तर पूड धरेल म्हणून. पूड सगळी खाली पडली.

"मी घासून काढला," ते म्हणाले. आवाज असा की मला ओळखूच येईना. "जोर लावला मी. तारेचा ब्रश जास्त लागला."

आता हे प्रकरण काय, ते मला जिनेशनंच सांगितलं, रडवेल्या आवाजात. चासीच्या नंबरात खाडाखोड दिसली की गाडी चोरीची धरतात. गाडी जप्त. मालकावर आणि ज्याच्या ताब्यात ती होती त्याच्यावर गुन्हा. म्हणजे जिनेशवर आणि आमच्या हवालदारांवर. आणि जप्त झालेल्या गाड्यांचं काय होतं ते कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागं जाऊन बघावं. वेली चढतात त्यांच्यावर.

आवाज ऐकून शेजारचा जोतीराम आला. त्याचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप, आमच्या भिंतीला भिंत. त्यानं वाकून बघितलं आणि हसलाच मेला.

"एवढंच व्हय? आरं, आमी ट्रॉल्यांवर रोज नंबर मारतो. माझ्याकडं आकड्यांचं पंच हायत, पोलादी ठसं. आठाचा पंच ठिवायचा, एक ठोका द्यायचा, वरनं जरा तेल-काजळ चोळायचं. बाप आला तरी वळखणार न्हाई."

"पण तो खोटा होईल," मी म्हणाले.

"खोटा कसा वैनी? व्हता तिथंच, व्हता तोच आकडा. कागदात आठ हाय, बंदरावर साहेबांनी आठ बघितला. गेलेला परत आणायचा, यात खोटं काय?"

आणि खरं सांगते, मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. जोतीराम पंचाची पेटी घेऊन आला. जिनेशनं त्यातला आठाचा पंच शोधला, फडक्यानं पुसला आणि हवालदारांच्या हातात दिला. वर हातोडीही दिली.

"काका, तुमचा हात स्थिर आहे. मारा."

ऊन कलतं झालं होतं. दिवस मावळल्यावर जिनेश जेवत नाही, म्हणून मी घाईघाईनं भाकरी टाकली होती, ताट वाढून ठेवलं होतं. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. हवालदार वाकले. पंचाचं टोक त्या गुळगुळीत जागेवर नेमकं टेकवलं. हातोडी उचलली.

माझा जीव टांगणीला लागला होता. मार म्हणावं की नको म्हणावं, काही सुचेना. एक ठोका पडला की सगळी सुटका होती. आणि तोच एक ठोका उद्या कुणी ओळखला तर या वयात हातात बेड्या! हवालदारांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि टपकन चासीवर पडला. हातोडी वरच होती. किती वेळ होती ते सांगता येणार नाही, पण जोतीराम वैतागून म्हणाला, "आरं हाण की गड्या, मुहूर्त बघतोस व्हय!"

हवालदारांनी हातोडी खाली घेतली. हळूच, आवाज न करता फरशीवर ठेवली.

"न्हाई जमायचं," म्हणाले.

"काका!"

"मी पुसला तो मी पुसला. उद्या साहेबास्नी तसं सांगतो. पर नवा मारला म्हंजे मी चोर झालो, जिनेश. आता नुसता गाढव हाय."

जिनेशचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तुमच्या त्या लाल शाईपायी माझी गाडी घालवणार तुम्ही? चूक तुमची आणि भोगायचं मी? सांगून काय होणार? गाडी जाईल ती जाईलच!"

"जाईल."

"मग द्या इकडं, मी मारतो!"

त्यानं पंच ओढायला हात घातला. हवालदारांनी मूठ आवळली. दोघं हळदीच्या नाकाशी असे उभे, जणू बांधावरून भांडण पेटलंय. मी मध्ये पडले, जोतीरामनं जिनेशला मागं ओढलं. हवालदारांनी पंच जोतीरामच्या पेटीत टाकला, पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घिऊन जा. आन परत ह्या दारात आणू नगंस." जिनेश बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. अंधार पडला. वाढलेलं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हळदी ट्रेलरवर चढली आणि साताऱ्याला निघाली. मागून जिनेशच्या चारचाकीत आम्ही तिघं. कराड गेलं, उंब्रज गेलं. हवालदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि छातीवर पदकांची पट्टी लावली होती. शिक्षेला चाललेला माणूस असा नटून जातो का?

समितीत तिघं होते, आणि गाडी प्रत्यक्ष तपासणारी मोटार निरीक्षक म्हणजे एक तरुण बाई, अंकिता मॅडम. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधीच हवालदार पुढं झाले, टाचा जोडल्या आणि सांगून टाकलं. रंग मी लावला, थिनर-ब्रशनं मी काढला, एक आकडा गेला, रंगाचं मालकाला काही ठाऊक नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं रंग लावायला?" मॅडम.

"कुणी न्हाई मॅडम. सवय. तपासणी म्हटलं की हात जातो."

त्यांच्या बाजूला उभा असलेला एक जण फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. वाकून बघितलं, फोटो काढले, नंबरावर चिकटपट्टी लावून वरून पेन्सिल घासली. छाप उमटली, मधे कोरी जागा. मग जो निर्णय व्हायचा तो झाला. गाडी अटकवून ठेवायची, लोखंड तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचे लोक येतील, पोलिसांना कळवायचं. हवालदारांचा जबाब झाला, सही झाली. जिनेशनं गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि आमच्याकडं न बघता निघून गेला. आम्ही यष्टीनं परत आलो.

पुढचे महिने काय गेले म्हणून सांगू! पोलीस दोनदा गॅरेजवर येऊन गेले. चौकशीच होती, पण सगळ्या कुपवाडनं बघितली. नाक्यावर पोरं विचारायची, "हवालदार, आमच्या बुलेटचा नंबर पुसून देताय का?" जिनेशचा फोन बंद. सांगलीच्या बाजारात तो समोरून आला तर वाट बदलायचा, हे मी स्वतः बघितलं. हवालदार कामाला बसायचे, पण पाना हातात घेऊन तसेच बघत राहायचे. रंगाचे सगळे डबे त्यांनी जोतीरामला देऊन टाकले. जेवताना मधेच म्हणायचे, "पन्नास वर्सं त्या आकड्याला कुणी धक्का लावला न्हाई गं. इटलीत न्हाई, बोटीत न्हाई. माझ्या हातात आला आन गेला."

"आवं, पुरे," मी म्हणायची. "माणसाच्या हातनं व्हतंय."

"माझ्या हातनं का व्हावं?"

मीठ कमी-जास्त झालं तरी आता बोलत नव्हते. मला ते लय लागायचं.

मग एके दिवशी अंकिता मॅडमचा फोन आला. हवालदारांनी साताऱ्याला यावं. जिनेशलाही बोलावलंय. मी म्हटलं, मीपण येणार. अटकच व्हायची असली तर डबा कोण देणार?

ऑफिसच्या मागं पत्र्याखाली हळदी उभी होती. धुळीनं तिचा रंग पार मातकट झाला होता. जिनेश आधीच आला होता. नमस्कार केला, पण तोंड फिरवून. मॅडमनी बॉनेट उघडलं आणि त्या कोऱ्या जागेवर टॉर्च मारला. प्रयोगशाळेच्या लोकांनी तिथं तेजाबानं काहीबाही केलं होतं, लोखंड डागाळलेलं दिसत होतं.

"नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "इथला आठ लोखंडात नव्हताच. मूळ आकडा कुणीतरी मागंच घासून काढला, त्यावर धातूची पुट्टी भरली आणि पुट्टीत आठ कोरला. वरून जुनाट रंग. वरवर बघून बंदरावर काय, कुणालाच कळलं नसतं. तुमच्या ब्रशनं पुट्टी उडाली, एवढंच."

जिनेश म्हणाला, "मग खाली काय होतं?"

"तीन. तेजाब लावल्यावर दबलेल्या लोखंडात उमटला. तीन म्हणजे याच कंपनीचं साधं मॉडेल, हजारांनी बनलेलं. आठ म्हणजे तुम्हाला हवं होतं ते दुर्मीळ. दिसायला दोन्ही सारखीच. विकणाऱ्यानं एका आकड्यानं तुम्हाला फसवलं. गाडीचे कागद एक सांगतात आणि गाडी दुसरीच आहे, त्यामुळे ती कस्टमकडं जाईल. तुम्हाला परत मिळेल असं मला वाटत नाही. विकणाऱ्यावर तक्रार करा, तुमचा जबाब आम्ही जोडू."

जिनेशनं हळदीचं दार घट्ट धरलं.

मॅडम हवालदारांकडं वळल्या. "आणि तुम्ही. या जागेवर ताजा पंच मारलेला सापडला असता, तर मी परदेशातला माणूस शोधत बसले नसते. तीनाचा आठ तुम्हीच केलात, असं धरून तुम्हाला आत घातलं असतं. कुणाचा विश्वास बसला असता तुमच्यावर?"

हवालदारांच्या कानावर त्यातलं काही गेलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे मॅडम, खरा आकडा मी न्हाई पुसला?"

"नाही."

"माझ्या ब्रशनं न्हाई गेला?"

"नाही म्हटलं ना. तो कधीच गेला होता."

तर हा माणूस मागच्या पायरीवर मटकन बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी, पाणी पुसता पुसता परत हसू. "मी न्हाई पुसला गं रेश्मा! मी न्हाई!" शेजारी त्या लेकराची जन्माची हौस मातीत गेलेली आणि हा दात काढतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दंडाला चिमटा काढला, "आवं, गप बसा, लाज हाय का काय," म्हटलं, पण त्यांना आवरेचना.

जिनेश वळला. मला वाटलं आता हा अंगावर येतोय. तो पायरीशी आला आणि हवालदारांच्या समोर उकिडवा बसला.

"हसा काका," म्हणाला. "पंच मीच पुसून तुमच्या हातात दिला होता. हातोडी मीच दिली होती." त्यानं हवालदारांचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला आणि तो कपाळाला लावून तसाच बसून राहिला.

हवालदारांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "रड बाबा. तुझी गाडी गेली."